सरांच्या गोष्टीतला 'जातो'

शुक्रवारचा शेवटचा तास सरांचा. वेळापत्रकात त्याला अवांतर वाचन म्हणत, मुलं परदेशाचा तास म्हणत आणि गणिताचे मास्तर म्हणत, सरांची हौस. सहामाही परीक्षा संपली आणि सर वारले. तास मात्र टिकला, कारण शहरातल्या छापखान्यातून रजा काढून त्यांची मुलगी आली आणि म्हणाली, वर्ष संपेपर्यंत मी घेते.

छापखान्यात तिचं काम मुद्रितं तपासण्याचं. चुकलेल्या वेलांट्या धरण्यात जिचा दिवस जातो, ती नववीच्या पोरांपुढे काय बोलणार, अशी शंका मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला आली होती. तिला स्वतःलाही आली होती. मुलांची अडचण वेगळीच होती. त्या तासाला 'सर' म्हणायची जिभेला सवय, म्हणून पहिले काही शुक्रवार तिला 'सर... आपलं, बाई' अशी हाक यायची. शेवटी 'ताई'वर तडजोड झाली.

दूरदूरच्या देशांतल्या गोष्टी सर स्वतः मराठीत उतरवत आणि झेरॉक्स काढून मुलांना वाटत. त्यांचा नियम एकच होता: गोष्टीतला माणूस विचित्र वागला, तर आधी मागचं पान बघायचं, मग त्याला वेडा म्हणायचं. मुलं हा नियम एकमेकांवरही चालवत. कुणी रुसून बसलं की दुसरा म्हणे, "थांब, याचं मागचं पान बघू."

त्या शुक्रवारी शाळा समितीचे अध्यक्ष वर्गात येऊन बसणार होते. हा तास ठेवायचा की गणिताला द्यायचा, ते तिथेच ठरणार होतं. अध्यक्षांचे दुधाचे टँकर होते आणि वर्गातल्या निम्म्या घरांत त्यांच्याकडूनच पगार यायचा.

"तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे हो," व्हरांड्यात भेटले तेव्हा ते तिला म्हणाले होते. "पण पोरांना शेकडेवारी येत नाही. बर्फातली माणसं कशी जगतात ते कळून करायचंय काय? बर्फ माझ्या शीतगृहात आहे की."

यावर बाबांनी काहीतरी झणझणीत उत्तर दिलं असतं. तिला सुचलं ते घरी पोचल्यावर, आणि तेही पुरेसं तिखट नव्हतं.

आदल्या संध्याकाळी ती बाबांच्या टेबलाशी बसली. त्यांनी शेवटची उतरवलेली गोष्ट एका थंड समुद्राकाठची होती. पहिल्यांदाच बोटीवर निघालेला मुलगा दारात आईला म्हणतो, "जातो." आई जाळं विणत असते. ती मान वर करत नाही.

तिचा पेन थबकला. घरातून निघताना 'जातो' कोण म्हणतं? ज्या माणसाने तिला लहानपणी या एका शब्दावरून दारातून परत बोलावून 'येते' म्हणायला लावलं होतं, तो हे लिहील? आजारपणात हात चुकला असणार. सवयीने तिने 'जातो'वर काट मारली आणि वर 'येतो' लिहिलं. मुलांच्या प्रती आधीच निघाल्या होत्या, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारी ती म्हणाली होती, "येते हं बाबा." ते पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. थोडी खट्टू होऊनच ती बसमध्ये बसली आणि सकाळी फोन आला. याबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. बोलण्यासारखं त्यात काय होतं?

शुक्रवारी अध्यक्ष शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावेनात म्हणून तिरके बसले. शेजारी मोठ्या बाई. ती वाचू लागली आणि मुलं आपापल्या कागदावर बोट फिरवू लागली.

"मुलगा दाराशी थांबला आणि म्हणाला, येतो."

"ताई, इथे 'जातो' आहे." हा आवाज भोंग्याचा. भोंगा म्हणजे टँकर ड्रायव्हरची मुलगी. तिची कुजबुजही मैदानापर्यंत जायची, म्हणून हे नाव.

"माझ्याकडे पण जातो."

"सगळ्यांकडे जातोच आहे."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. छापखान्यातून आलेल्या बाईंना धड वाचता येत नाही, हेच आज अध्यक्षांनी बघायचं राहिलं होतं.

तिचे कान तापले. "मी दुरुस्त केलं ते. मला वाटलं, सरांकडून चूक झाली."

सरांची चूक ही कल्पना कुणाच्याच पचनी पडेना.

"चूकच आहे," मागून अध्यक्ष म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "निघताना जातो म्हणणारा पोरगा? आणि आई वर बघत पण नाही? दगड आहे का ती?"

"मागचं पान, साहेब," भोंगा म्हणाली.

"काय?"

"आधी मागचं पान बघायचं, मग दगड म्हणायचं. सरांचा नियम आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांनी शेजारच्या मुलीकडून कागद घेतला आणि चष्मा चढवला. वर्गभर पानं उलटल्याचा आवाज झाला. तिनेही पान उलटलं. काल ती हे पान दोनदा तपासून गेली होती आणि तिला त्यात एक स्वल्पविराम तेवढा सापडला होता.

खिडकीपाशी एक मुलगा बसायचा, त्याला सगळे घुम्या म्हणत. इतक्या शुक्रवारांत त्याचा आवाज तिने हजेरीपुरता ऐकला होता. तो उभा राहिला. "ताई, तो नवा नवरा."

"कोणता?"

"धक्क्यावरचा. तो बोटीतून बायकोला ओरडून सांगतो, रात्री जेवायला येतो गं. मग म्हातारा नावाडी त्याला बोटीतून उतरवतो. त्या दिवशी नेतच नाही." घुम्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मला वाटलं होतं म्हातारा खडूस आहे. पण त्यांच्यात येतो म्हणायचंच नसेल. समुद्राला ऐकू जाईल म्हणून."

"म्हणजे आपण जातो म्हणायला घाबरतो," भोंगा सावकाश म्हणाली, तिच्या मानाने अगदी हळू, "आणि ते येतो म्हणायला घाबरतात."

"भीती तीच की."

"मग आई दगड नाहीये," घुम्या म्हणाला. "तिने वर बघितलं तर समुद्राला कळेल, हिचा लाडका आहे म्हणून. म्हणून ती रोजच्यासारखी जाळं विणते."

"ओढूनताणून आहे हे," अध्यक्ष म्हणाले. आवाजात मघाचा जोर नव्हता.

"साहेब, बाबा टँकर घेऊन निघतात तेव्हा आई कधीच विचारत नाही, कधी पोचाल," भोंगा म्हणाली. "भांडी घासत बसते. मोठमोठ्याने आपटते भांडी. पण विचारत नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मी पण नाही विचारत," ते म्हणाले. "कुठल्याच ड्रायव्हरला नाही. माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, टँकर निघताना वेळ विचारायची नाही. का, ते नव्हतं सांगितलं."

ती फळ्याशी उभी होती. हातातला कागद तिने टेबलावर ठेवला. दवाखान्यातला पेपर तिला आठवला. दुपारचे चार वाजले होते आणि बाबा सकाळचंच पान धरून बसले होते. पान उलटल्याचा आवाज तिने एकदाही ऐकला नव्हता.

"पुढे वाच, भोंगे," ती म्हणाली. "मला तुझ्या आवाजात ऐकायचंय."

भोंग्याने वाचलं. गोष्टीतलं वादळ वर्गाच्या खिडक्यांच्या तावदानांपर्यंत आलं. बोट दिसेनाशी झाली, धक्क्यावर दिवे लागले, आई जाळं टाकून उठली आणि घंटा झाली. कुणी जागचं हललं नाही.

"बोट येते का परत?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते शेवटचं पान पुढच्या शुक्रवारी," भोंगा म्हणाली. "ते पान सर कधीच आधी वाटत नसत. ताई पण नाही वाटत."

"पुढच्या शुक्रवारी तास आहे का पण?"

"ते तुम्ही सांगायचं, साहेब."

मोठ्या बाई खोकल्या. अध्यक्ष हसले, मग हसायचे थांबले. बाकातून एकेक गुडघा सोडवत उठले आणि मोठ्या बाईंना म्हणाले, "गणिताला सकाळचा तास वाढवा. मास्तर कुरकुरले तर माझ्याकडे पाठवा. शुक्रवारला हात लावायचा नाही. या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही."

दारापर्यंत जाऊन ते थांबले. वर्गाकडे वळले, घसा खाकरला.

"बरं," ते म्हणाले. "जातो."

सगळ्या माना एकदम कागदांवर वाकल्या. कुणी पेन्सिलीला टोक काढू लागलं, कुणी वहीवर रेघा मारू लागलं. एकानेही वर बघितलं नाही.

"अरे, साहेब निघालेत, उभे राहा," मोठ्या बाई कळवळून म्हणाल्या.

"असू द्या, बाई," अध्यक्ष म्हणाले. आवाज जड झाला होता आणि खूशही. "बरोबर आहे त्यांचं."

तिनेही मान वर केली नाही. ती टेबलावर वाकून काट मारलेल्या 'जातो'खाली एकेक टिंब देत होती. छापखान्यात त्याचा अर्थ होतो, होतं तसंच राहू द्या.