सलामाचं उत्तर

टँकरवाल्याने चपला दाराबाहेर काढल्या आणि तो सुताराच्या दुकानात शिरला. खिळ्यांच्या जागेत अनवाणी जाणं शहाणपणाचं नव्हतं, पण आदर दाखवायचा तर कुठूनतरी सुरुवात हवी होती.

सुतार आतल्या खोलीच्या दाराशी पाठमोरा उभा राहून रंधा मारत होता. त्याच्याच मुलीचा पाय मागच्या महिन्यात टँकरच्या चाकाखाली आला होता. गाडी मागे घेताना टँकरवाल्याने आरशात पाहिलं नव्हतं. चूक सगळी त्याची होती.

"जखमेवर मीठ चोळायला जाताय का?" बायको सकाळी म्हणाली होती.

धीर दिला तो गॅरेजवाल्या मुसलमान दोस्ताने. "नीट सलाम कर. आमच्यात सलामाला उत्तर द्यावंच लागतं, मग बोलणं सुरू होतं. फक्त अरबी दाखवायला घसा खरवडून म्हणू नकोस, शिव्या दिल्यासारखं वाटतं."

"अस्सलामु अलैकुम," टँकरवाला म्हणाला. पुढे करावा की छातीवर ठेवावा हे न कळून त्याचा हात अधांतरीच राहिला.

सुताराने वळून पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा रंधा चालू केला. रंध्याखाली कुबडीचा दांडा होता.

उत्तर येईना. उभ्या उभ्या त्याला स्वतःचीच लाज वाटली. उत्तर द्यावंच लागतं हे माहीत करून घेऊन तो आला होता. एका दुःखी बापाला त्याने शब्दात पकडायला पाहिलं होतं.

"उत्तर नाही दिलंत तरी चालेल, चाचा," तो म्हणाला. "मी असं यायला नको होतं."

"चपला घाला. खिळे आहेत."

हाकलल्यासारखंच वाटलं त्याला. बाहेर येऊन त्याने चपलांत पाय घातले, तोच मागून आवाज आला.

"व अलैकुम अस्सलाम."

तो वळला. सुताराचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"सलामाचं उत्तर द्यावंच लागतं, ते दिलं. माफीचं तसं नाही. ती माझ्याकडे मागूही नका."

टँकरवाल्याने मान खाली घातली. रंधा फळीवर ठेवून सुतार आतल्या खोलीच्या दारासमोरून बाजूला झाला.

"मुलगी आत आहे," तो म्हणाला. "आधी सलाम करा."