मखमलीवर इस्त्री

बोटांचे सांधे धरले आणि ताईंच्या हातची काजं वाकडी यायला लागली. तेव्हा शिवणखोलीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "बायका नुसत्या गप्पा मारतात. त्यापेक्षा तुम्ही कादंबरी वाचून दाखवा. हात चालू राहतील. नाही राहिले, तर बघू." या 'बघू'चा अर्थ ताईंना फोड करून सांगायची गरज नव्हती. घरी सुनेनं त्यांना जागा ठेवली होती, पण ती एका खुर्चीपुरती.

अडचण एकच, कटिंग मास्तर. ते कापडाबरोबर गोष्टही कापत. नायक बोटीनं जायचं ठरवतो, तर "भरतीची वेळ बघितली का?" नायिका रडत पत्र लिहिते, तर "शाई फुटेल."

"मास्तर, तुम्हाला घास लागतो की नुसता खडा?" मशिनवरच्या दोन सख्ख्या जावांपैकी थोरली म्हणायची. तिच्या शेजारी धाकटी बसे. घरात दोघींचं पटत नव्हतं, पण मास्तरांविरुद्ध एकमत होतं.

काल नायिकेनं बोटीवर जाणाऱ्या प्रियकरासाठी एका दुपारीत मखमली कोट शिवला आणि वरून गरम इस्त्री फिरवली. मास्तरांनी कात्रीच खाली ठेवली.

"मखमलीवर सुलट्या बाजूनं इस्त्री? अहो, वरची मऊ लव बसली सगळी! कोट कसला, पायपुसणं झालं ते!"

खोली अशी हसली, की डोळ्यांना लावायला काढलेले रुमाल परत आत गेले. मशिनं थांबली. दारात मालकीणबाई. "आज हात थांबलेत वाटतं?"

म्हणून आज ताईंनी "काल पान चुकलं होतं" म्हणून प्रकरण मनानंच दुरुस्त केलं. नायिकेनं लवेची दिशा बघून कापड बेतलं, कच्ची टीप घातली, खांदा उतरला तो उसवला, आणि इस्त्री उलट्या बाजूनं, खाली टॉवेल घालून केली.

चूक कुणाला सापडली नाही. पण ऐकलंही कुणी नाही.

"ताई," धाकटी जांभई देत म्हणाली, "हे आम्ही सकाळपासून करतोय. गोष्टीत तरी सुट्टी द्या की."

थोरलीनं सासूचा विषय काढला आणि मशिनं रेंगाळली. शाबासकी मिळेल म्हणून ताईंनी मास्तरांकडे बघितलं, तर मास्तरांनी रेडिओ लावला होता. खोड काढायला काही उरलं नाही, तसा माणूस गोष्टीतूनच उठून गेला होता.

मालकीणबाईंच्या चपला वाजल्या. "संपलं का वाचन?"

"संपतंय कसलं, आत्ता तर रंगात येतंय," म्हणत ताईंनी पान उलटलं. पुढे नायक धक्क्यावर येत होता. दुर्दैवानं सगळं बिनचूक. ताईंनी मास्तरांच्या पाठीकडे एकदा बघितलं आणि पदरचं वाक्य घातलं: "घाईत बाह्यांची अदलाबदल झाली होती, उजवी डावीकडे अन् डावी उजवीकडे. तरी कोट त्याला चपखल बसला."

रेडिओ बंद झाला.

"चपखल? हात तरी वर होईल का त्याचा?"

"प्रेमानं शिवलाय, मास्तर!" धाकटी म्हणाली.

"प्रेमानं काखेत कापड वाढत नाही!"

"वहिनींना विचारायला पाहिजे, तुम्ही प्रेमानं काय वाढवलंत ते," थोरली म्हणाली. मशिनं पुन्हा धावायला लागली होती.

"हसा. पण बोट सुटल्यावर तो निरोप कसा देणार? हात उचलणारच नाही. तिकडे तिला वाटेल, हा रुसून गेला."

हसू विरलं. धाकटीचे हात शिवणीवर चालूच होते, पण मान ताईंकडे वळली. "हो ताई? नाही हलवला त्यानं हात?"

पुस्तकात तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होता. ताईंनी त्या ओळीवर अंगठा ठेवला.

"ती धक्क्याच्या टोकापर्यंत धावली," त्यांनी वाचलं. "बोट वळली. तो तिच्याकडे बघत होता, पण त्याचा हात काही वर आला नाही."

थोरलीनं नाक ओढलं. "काखेत एक पट्टी घातली असती, तर भागलं असतं," मास्तर कापडाकडे बघत पुटपुटले. मालकीणबाई मात्र दारातून हलल्या नाहीत. त्या चौकटीला टेकून तशाच उभ्या होत्या, पुढचं वाक्य येईपर्यंत.