विहिरीचा पहिला घोट

दोन्या एर्मिंदाचा जावई लाउतारो तसा वाईट नव्हता, पण माते, म्हणजे नळीनं ओढून प्यायचा कडू पानांचा काढा, करायला बसला की पहिला घोट सरळ समोरच्याच्या हातात द्यायचा. पहिलं पाणी करणाऱ्यानंच ओढायचं असतं. त्यात पानांची भुकटी येते, नळीतला कचरा येतो, सगळा कडू गाळ येतो. पाहुण्याचा घोट त्यानंतरचा. उत्तरेतल्या कातामार्काहून तेलाच्या कामासाठी इथे दक्षिणेत आलेल्या घरांमध्ये हे पोरींना लहानपणीच कळतं. जावयांना कोण शिकवणार?

त्या रविवारी त्यानं भांडं तिलाच दिलं. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"जावईबापू, सासू नकोशी झाली असेल तर सरळ सांगा. विष कशाला घालता?"

एरवी तिचा मुलगा रोसेंदो खो खो हसला असता. आज तो मान खाली घालून बसला होता.

"आई, माझी विहीर बंद होणार. यानं काल नमुना घेतला, त्यात सगळं पाणीच निघालं."

तेलविहिरींवर फिरून नमुने घ्यायचे, हेच लाउतारोचं काम. टेकडीमागची ती विहीर आधी एर्मिंदाचा नवरा सांभाळायचा, आता रोसेंदो. ती बंद झाली की रोसेंदोची रवानगी लांबच्या तळावर; मग घरी येणं सणासुदीलाच.

"आणि यानं तोटी उघडली नि लगेच कॅन भरला," रोसेंदो पुटपुटला. "वाहूच दिलं नाही."

लाउतारोचे कान लाल झाले. "वाहू द्यायला हवं होतं, कबूल. नळीत साचलेलं पाणीच आधी येतं. पण मेव्हण्याची विहीर! जास्त थांबलो असतो तर लोक म्हणाले असते, तेल दिसेपर्यंत थांबला."

"आणि तू रे?" एर्मिंदा मुलाकडे वळली. "तुझी जीभ काय मांजरानं नेली होती?"

"मी बोललो असतो तरी लोक तेच म्हणाले असते."

"वा! दोघंही लोकांना भ्यालात आणि खोटं घातलंत बिचाऱ्या विहिरीच्या तोंडी. कॅन कुठाय?"

"गाडीत. उद्या प्रयोगशाळेत जाईल."

"मग उठा. मीही येतेय."

टेकडीमागे वारा अंगावर खडे मारत होता. पंपाचा करकोचा मान खाली-वर करत होता. एर्मिंदा रुमाल घट्ट बांधून गाडीतच बसली. लाउतारोनं तोटीखाली बादली धरली. आधी तांबूस पाणी आलं, मग फेस, मग भसकन काळंभोर, दाट तेल उसळलं. एर्मिंदाचा जीव सुपाएवढा झाला.

"भर, भर आता!" रोसेंदो ओरडला.

लाउतारोनं नकारार्थी मान हलवली. "धार एकसारखी होऊ दे." तेल बादलीत पडत राहिलं. थोड्या वेळानं धार पातळ झाली, पुन्हा दाटली, आणि मग एकसारखी वाहू लागली. तेव्हा कुठे त्यानं दुसरा कॅन त्याच धारेखाली विसळला, विसळण बादलीत ओतलं आणि हळूहळू भरला.

घरी आल्यावर कॅन टेबलावर ठेवून सगळे बघत बसले. हळूहळू तेल वर आलं. कालच्यापेक्षा खूप जास्त होतं. पण खाली पाणी त्याहूनही जास्त होतं.

"बंदच होणार," रोसेंदो म्हणाला. आता त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

लाउतारोनं पुन्हा माते केला. पहिला घोट स्वतः ओढला, कडूपणानं डोळे मिटले, आणि भांडं पुन्हा भरून सासूपुढे धरलं. ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"विहीर गेली, लाउतारो. पोरगंही लांब जाईल, आणि ते मला रोज सलेल," ती म्हणाली. "पण काळं तेल धो धो येत होतं ना, तेव्हा मीसुद्धा गाडीत बसून मनात 'भर' म्हणत होते. तू हात आवरलास. कालचं ओतून टाक. आजचा नमुना पाठव, आणि कुणी विचारलं तर सांग, सासूनं बघितलाय."