माझ्यात मावलेलं पाणी

माझ्यात पाणी किती मावतं, हे एका माणसाने एकदा फार निगुतीने मोजलं. माप अगदी बरोबर आलं. तरीही त्या बरोबर मापापायी एका बाईचा उजवा डोळा जाऊ शकला असता. ते कसं, ते आज सांगते. मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे, रायफलच्या काडतुसाची.

उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. आधी मी पितळेची एक चकती होते. मला दाबलं, तापवलं, ताणलं, पुन्हा तापवलं आणि पुन्हा ताणलं, तेव्हा कुठे मला उंची आणि निमुळती मान आली. तळावर कारखान्याचं नाव कोरलं गेलं. माझ्या बहिणींच्या तळावरही तेच नाव होतं. नाव कोरताना थोडं दुखलं, पण मग अभिमानही वाटला. तेव्हा मला वाटायचं, नाव एक म्हणजे आपण सगळ्या एक.

काडतुसात चार जिन्नस असतात. बाहेरून मी, तळाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी, माझ्या पोटात दारू आणि तोंडात गोळी. गोळी उडते, तिचं नाव होतं. दारू जळून जाते. टोपी फेकून देतात. मागे उरते ती मी. काळजीने वागवलं तर मला पुन्हा पुन्हा भरता येतं. प्रत्येक वेळी आगीने मी फुगते, बंदुकीच्या पोलादी भिंतीला टेकते आणि दाब अडवून धरते. नेम धरणाऱ्याचा चेहरा माझ्यामागे वीतभर अंतरावर असतो. तो सुखरूप ठेवणं हे माझं खरं काम. गोळीला ते माहीत नसतं. ती पुढेच बघत असते.

माझा पहिला मालक तोन. जर्मनीशेजारच्या देशात, न्यूनेन गावाजवळच्या नेमबाजीच्या क्लबातला दांडगा, लालबुंद म्हातारा. त्याने मला पुष्कळ वेळा भरलं. मग त्याचे हात कापू लागले. कापऱ्या हाताने दारू तोलू नये, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. एके दिवशी त्याने आमचा डबा क्लबातल्या टेबलावर ठेवला आणि एका बाईकडे सरकवला.

"घे, मेइस्क," तो म्हणाला. त्यांच्या बोलीत मेइस्क म्हणजे पोरी. ती बाई पन्नाशी ओलांडलेली होती.

तिचं नाव योगिनी. मूळची सांगलीची. लग्नानंतर नवऱ्यामागे या देशात आली, भाषा शिकली आणि आता एका हाउसआर्ट्सच्या, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन घेत असे. कॉलेजात एनसीसीमध्ये तिने बंदूक चालवली होती. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली, तेव्हा तिला ती बंदूक पुन्हा आठवली. परवाने, चौकशा, परीक्षा, पोलिसांनी येऊन कपाट बघून जाणं, सगळं तिने न कंटाळता पार पाडलं.

योगिनीच्या घरी माझे फार लाड झाले. घरामागे लाकडी स्खूर होतं, सायकली आणि कुदळी ठेवायची खोली. तिथल्या एका बाकावर ती काडतुसं भरत असे. तोन आम्हाला यंत्रात घोळवून स्वच्छ करायचा. योगिनीने ते यंत्र घेतलंच नाही. तोकोतून, म्हणजे पूर्वेकडचा किराणा मिळतो त्या दुकानातून, ती चिंच आणायची. कोमट पाण्यात चिंच कोळून आम्हाला त्यात बुडवायची, मग धुऊन पंचावर वाळत घालायची. माहेरी देवाची उपकरणी अशीच लखलखीत होत. तोनने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"यानं गोळी आंबट होईल, योखिनी." त्याला तिचं नाव कधी नीट म्हणता आलं नाही.

"नेमाच्या कागदाला आंबट चालतंय," ती म्हणाली.

भरायची तिची एक रीत होती. छापील पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. थोडी काडतुसं भरायची, मारून बघायची, मग किंचित वर जायचं. प्रत्येक पायरीला आमचे तळ तपासायचे. टोपी गोलसर असली तर दाब बरा. चपटी झाली तर थांबायचं. या रीतीला वेळ लागतो. तिला घाई नव्हती.

वर्षं गेली. माझ्या काही बहिणींच्या माना तडकल्या, त्या भंगारात गेल्या. योगिनीने नवा डबा आणला. कारखाना तोच, तळावरचं नाव तेच. मात्र मधल्या काळात कारखान्याने भिंती जाड करायला घेतल्या होत्या. आमचं बाहेरचं अंग समान आणि आतली जागा वेगळी. हे डब्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. सुरुवातीला आम्ही जुन्या काळवंडलेल्या आणि त्या नव्या पिवळ्याधमक, त्यामुळे ओळखू येत होतो. पहिल्याच चिंचेत तो फरक धुऊन गेला. सगळ्या सारख्याच चमकू लागलो आणि एका बरणीत जाऊन पडलो.

श्रीधर म्हणजे योगिनीचा नवरा. आइंडहोव्हनच्या एका कंपनीत यंत्र तयार होण्याआधी ते कसं चालेल, याचं गणित संगणकावर मांडणं हे त्याचं काम. बंदुकीत त्याला रस नव्हता. रविवारी योगिनी क्लबात जायची, तेव्हा तो गवत कापायचा. मग एका हिवाळ्यात त्याला कळलं की काडतुसाचंही गणित मांडणारी प्रणाली असते. पुंगळीत जागा किती, गोळी किती आत, दारू कोणती आणि किती, नळी किती लांब, एवढं सांगितलं की ती वेग आणि दाब यांचा अंदाज सांगते. श्रीधरचा चेहरा उजळला. बायकोच्या त्या खोलीत शिरायला त्याला दार सापडलं होतं.

"अगं, एक पुंगळी दे. वापरलेली," तो म्हणाला.

"कुठली देऊ?"

"कुठलीही. सगळ्यांवर एकच नाव आहे ना? शितावरून भाताची परीक्षा."

तिने बरणीत हात घातला आणि मी वर आले.

त्याने मला कोरडी तोलली. मग थेंब थेंब पाणी घातलं, बुडबुडा राहू नये म्हणून टिचक्या मारल्या आणि पुन्हा तोलली. इतकं लक्ष आजवर माझ्याकडे कोणी दिलं नव्हतं. माझं पाणी आकडा होऊन संगणकात गेलं. माझं पोट म्हणजे सगळ्यांचं पोट, असं तिथे ठरलं. मी आतून सैल होते आणि बरणीतल्या बहुतेक बहिणी आतून तंग होत्या. जागा कमी असली की तेवढीच दारू जास्त दाब करते. मला तोंड आहे, पण त्यात जीभ नाही.

श्रीधरने मला शर्टाच्या खिशात ठेवलं. "हा आपला नमुना," तो म्हणे. घरी पाहुणे आले की मला काढून दाखवी. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

त्या वसंतात क्लबाची निवडफेरी होती. पहिले तिघे सीमेपलीकडच्या जर्मन क्लबाशी सामना खेळायला जाणार होते. योगिनी आधीच्या दोन्ही निवडफेऱ्यांत चौथी आली होती. या खेपेला तिला जायचंच होतं. हे ती कोणाला बोलली नाही, पण जेवताना उजवं बोट टेबलावर हळूच दाबून पाहायची. त्यातच दवाखान्यात सर्दीतापाची लाट आली, सुट्ट्या रद्द झाल्या आणि पायऱ्या चढायचे तिचे रविवार गेले.

"आता तरी माझं ऐक," श्रीधर म्हणाला. "हा आकडा बघ. दाब मर्यादेच्या आत, वेग उत्तम. पायऱ्या कशाला? सरळ माडीवर."

"मी जिन्यानंच येते रे."

"तुला माझ्या गणितावर विश्वास नाही, हे स्पष्ट सांग."

मला वाटतं, तो लॅपटॉप घेऊन स्खूरमध्ये थंडीत बसला होता, त्याचं मन तिला मोडवेना. "बरं," ती म्हणाली. "तुझ्या आकड्याची भरते. पण थोडी खालची पण भरते. आधी ती मारीन."

"तुझं समाधान."

निवडफेरीच्या आधीच्या रविवारी आम्ही क्लबात गेलो. मी खिशात होते. योगिनीने कानावर आवरण चढवलं, डोळ्यांवर चष्मा लावला. नळीजवळ वेग मोजायचं यंत्र होतं आणि श्रीधर त्याचा आकडा वाचणार होता. तोन काठी टेकून मागे उभा होता. गोळी मारायची जागा तोच सांभाळत असे.

पहिलं खालच्या मापाचं काडतूस सुटलं. श्रीधरने आकडा वाचला आणि हसला. "अंदाजापेक्षा जास्त! बघ, वेग फुकटात मिळाला."

योगिनीने दुसरं मारलं. पुन्हा जास्त, आधीच्याहूनही. तिने पुंगळी बाहेर काढायच्या बोल्टचा दांडा उचलायला हात घातला, तो उचलेना. तिने तळहाताने ठोकला, तेव्हा सुटला. बाहेर पडलेली पुंगळी तिने उचलली. ती माझ्या धाकट्या बहिणींपैकी होती. तळाची टोपी पोळी लाटावी तशी सपाट झाली होती.

"फुकट काही मिळत नसतं, श्रीधर," ती म्हणाली.

"एखादी पुंगळी असेल तशी. वरच्या मापाचं एक तरी मारून बघ. शनिवारी फेरी आहे, योगिनी. तुला जायचंय ना?"

तिला जायचं होतं. तिने वरच्या मापाचं काडतूस उचललं आणि बंदुकीत ठेवलं. बोटाने अर्धं आत ढकललं. मी खिशातून बघत होते. त्या काडतुसाची पुंगळीही नवीच होती. आम्हा दोघींमध्ये शर्टाचं एक कापड होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं.

तोन काठीवर रेलून बघत राहिला. नेम धरणाऱ्याचा निर्णय त्याचा त्याने घ्यायचा असतो.

योगिनीने पुन्हा एकदा त्या सपाट टोपीकडे पाहिलं. मग तिने ते काडतूस दोन बोटांनी मागे ओढलं, डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण लावलं.

"घाबरलीस?" श्रीधरने विचारलं. चिडवायला गेला, पण आवाज चिडका आला.

"हो," ती म्हणाली. "तुझा संगणक सांगतोय एक आणि बंदूक सांगते दुसरं. बंदुकीच्या मागे माझा डोळा आहे. लॅपटॉपच्या मागे तुझा."

तोन मागून म्हणाला, "माझ्याकडे दुकानातली काडतुसं आहेत. हवी तर शनिवारी ती घे, मेइस्क. हौडू." निरोप घेताना ते लोक असंच म्हणतात.

डबी तशीच बंद घरी आली.

दुपारी श्रीधर एकटाच स्खूरमध्ये बसला. त्याने मला खिशातून काढलं आणि पुन्हा पाण्याने मोजलं. पाणी तेवढंच निघालं. मग त्याने सकाळची ती सपाट टोपीवाली बहीण घेतली आणि तिच्यातही पाणी भरलं. तिच्यात पाणी कमी मावलं. त्याने बरणी पंचावर ओतली आणि एकेक पुंगळी तोलायला घेतली. जाड भिंतींच्या जड एकीकडे, हलक्या दुसरीकडे. हलक्यांचा ढीग अगदी लहान झाला. त्यात मी होते.

जड बहिणीचं पाणी त्याने संगणकात घातलं. अंदाज बदलला. सकाळी यंत्राने दाखवलेल्या वेगाच्या अगदी जवळ आला. वरच्या मापाचा दाब मात्र मर्यादा ओलांडून खूप वर गेला होता. श्रीधरने लॅपटॉप मिटला आणि उठून योगिनीला बोलावलं.

"ये. बघ हे." त्याने दोन ढीग दाखवले. "गणित चुकलं नव्हतं गं. मी त्याला एकीचंच सांगितलं."

योगिनीने दोन्ही ढिगांतली एकेक पुंगळी दोन हातांत धरून पाहिली. डोळ्यांना फरक दिसत नव्हता. "आणि मी सगळ्या एका चिंचेत घातल्या," ती म्हणाली. "शितावरून भाताची परीक्षा होते, श्रीधर. पण भात एका पातेल्यातला असावा लागतो."

"मी तुला एक तरी मार म्हणालो."

"म्हणालास."

मग त्याने तिचा हात धरला, उजवा, आणि बाकावरची सगळी भरलेली काडतुसं उघडून रिकामी होईपर्यंत दोघं तिथेच काम करत राहिले. वरच्या मापाची आधी उघडली.

शनिवारी योगिनी तोनच्या काडतुसांनी खेळली. ती काडतुसं तिच्या बंदुकीला मानवत नव्हती. ती सहावी आली. जर्मनीला दुसरे तिघे गेले. ती घरी आली, चष्मा काढला, डोळे धुतले आणि चहा टाकला. पुढच्या रविवारी ती पुन्हा पहिल्या पायरीवर होती. श्रीधर शेजारी बसला होता. आता तो दर वेळी आधी विचारतो, "कुठल्या बरणीतल्या?" मग अंदाज सांगतो आणि यंत्राने दाखवलेला वेग त्याच्याशेजारी मांडतो. दोन आकडे फटकून वागले की दोघंही थांबतात.

माझी मान पुढे तडकली. आता मला भरता येत नाही. माझ्या हलक्या बहिणी भंगारात गेल्या, पण मला श्रीधरने जाऊ दिलं नाही. मी स्वयंपाकघरातल्या छोट्या देव्हाऱ्यात उभी असते. माझ्या तोंडात उदबत्ती खोचतात. ज्या तोंडातून आग बाहेर पडायची, त्यातून आता धुराची एक बारीक रेघ निघते. बाहेर बहुधा मळभ असतं. कधी कधी श्रीधर राख झटकून मला चिंचेने घासतो आणि आत डोकावून बघतो.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली, तर तिला खुशाल मोजा. मोजून घ्यायला मला आवडलंच होतं. पण माझं माप माझ्यापुरतं ठेवा. तळावरचं नाव एक म्हणून पोट एक धरू नका. दुसरीलाही बाकावर घ्या, तिच्यातही पाणी घाला, टिचकी मारा आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबा. आमच्यामागे कोणाचा तरी डोळा असतो.

योगिनीचा आहे. रोज सकाळी उदबत्ती लावताना ती मला नीट उभी करते, तेव्हा तो मला जवळून दिसतो.