पाणी जागेवर

विनता देशकरनं माइकचं बटण दाबलं आणि नोकरीत कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"गणपतराव, बोला काहीतरी."

स्पीकर खरखरला. डोंगरातल्या कोसमी नदीच्या चौकीवरून गणपतचा आवाज आला.

"पाणी जागेवर, मॅडम. ओव्हर."

"पाण्याचं नाही हो. दुसरं काही. घरचं बोला, दारचं बोला. आज चांगलं लांबलचक बोला."

चौकी गप्प झाली. बिचारा घाबरला असावा. ज्या बाईनं इतकी वर्षं त्याचं तोंड बंद ठेवलं, तीच आज बोला म्हणून मागे लागली होती.

विनतानं टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे अनुपम लॅपटॉप उघडून, कानांना हेडफोन लावून बसला होता. हा वायरलेस तपासणाऱ्या वरच्या ऑफिसातला इंजिनियर. आजोळ जबलपूरच्याच नेपियर टाउनातलं, मराठी घर, त्यामुळे मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र हिंदीवर घसरायचा. चौकीवरून कुणी बोललं की त्याच्या पडद्यावरची हिरवी रेघ वर उठायची, बोलणं थांबलं की आडवी पडायची. आता ती आडवी पडली होती. आडवी पडली म्हणूनच तर हे सगळं रामायण झालं होतं.

सरकारी खात्यांकडे नुसत्या पडून असलेल्या फ्रिक्वेन्सी काढून मोबाइल कंपन्यांना द्यायच्या, असं वर ठरलं. कोण काय वापरतं ते ऐकायला हिवाळ्यात एक गाडी जबलपूरच्या या पूर-नियंत्रण कक्षाच्या आवारात येऊन उभी राहिली. गाडीत हाच अनुपम होता. पोरगा सभ्य, बोलायला गोड. विनतानं त्याला इथल्या गोरखपूर बाजारातून खव्याची जलेबी मागवून खाऊ घातली. जाताना तो म्हणाला, "मॅडम, तुमचा चॅनेल तर एकदम शांत आहे."

आणि ही बाई फुलली. आपली शिस्त एकदाची कुणाच्या तरी डोळ्यांत भरली, असं तिला वाटलं. म्हणाली, "आमच्याकडे फालतू शब्द चालत नाही. वर्षभर असंच असतं." त्यानं ते जसंच्या तसं लिहून नेलं. शांत म्हणजे रिकामा, रिकामा म्हणजे काढून घेण्याजोगा, हे तिला चॅनेल बंद करायचा हुकूम आल्यावर कळलं. तेव्हा तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शिस्त होती हे मात्र खरं. वरून खबर कोणत्या घडीला येईल याचा नेम नाही, म्हणून चॅनेल मोकळा पाहिजे. पावसाळा सोडला तर सकाळी एकदा हाक मारायची, "पाणी जागेवर" एवढं उत्तर घ्यायचं, की झालं. गणपत बालाघाटकडचा, बोलायची भारी हौस. सुरुवातीला रोज म्हणायचा, "मॅडम, एक गोष्ट सांगू काय?" विनता तिथेच तोडायची, "गणपतराव, चॅनेल मोकळा ठेवा." हळूहळू त्यानं नाद सोडला. मग विनता बाकीच्यांना त्याचं उदाहरण द्यायला लागली. बाकीच्या चौक्या एकेक करून मोबाइलवर गेल्या. कोसमीला मोबाइल लागत नव्हता, म्हणून एवढी एकच वायरलेसवर राहिली.

"मॅडम, वो कुछ बोल नहीं रहे," अनुपम म्हणाला. "संध्याकाळपर्यंतच टाइम आहे माझ्याकडे."

"बोलतील. थांबा जरा."

ही फेरतपासणी तिनं साहेबांच्या हातापाया पडून मिळवली होती. आज चॅनेल वापरात दिसला तर राहील, नाहीतर महिनाअखेरीस बंद.

"तुम्ही तो रपटा पाहिला काय?" तिनं विचारलं.

"कोणता?"

"कोसमीवरचा. खालचा, पाण्यालगतचा ठेंगणा पूल. शाळेची पोरं त्याच्यावरूनच जातात. पाऊस पडते वर डोंगरात, खाली असते कडक ऊन. कोणाले वाटतही नाही पाणी येईल म्हणून. मागच्या श्रावणात गणपतरावांचा आवाज आला अन् मी रपट्यावर साखळी लावायला सांगितली. साखळी लागली, तिकडून लोंढा आला. आता चॅनेल गेला अन् फोन करायचा तर त्यांना टेकडी चढून जावं लागेल. तोवर पाणी थांबून राहील काय?"

अनुपमनं हेडफोन एका कानावरून सरकवला. "कंपनी टॉवर लावणार ना तिकडे."

"त्या चार झोपड्यांसाठी?"

तिथे टॉवर होणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं हेडफोन पुन्हा नीट बसवला आणि पडद्याकडे पाहत राहिला.

विनतानं परत बटण दाबलं. "गणपतराव, ऐकून राहिले ना? बोला हो. मी काही म्हणणार नाही आज."

"काय बोलू जी," गणपत म्हणाला. "सवयच नाही राहिली."

"मोहाच्या फुलांचा सडा पडला काय तिकडे?"

"पडून राहिला न. पहाटे वेचाले जातो मी." तो थांबला. कुणी तोडत नाही असं पाहून पुढे सरकला. "यंदा अस्वल लय आलं. परवा तर चौकीच्या दारात बसलं होतं, जसं काही मलेच ड्यूटीवरून सोडाले आलं. मी आतून डबा वाजवला, तं उठून गेलं." तो हसला. हसताना त्याला खोकला लागला. विनतानं त्याचं हसणं आजवर ऐकलं नव्हतं.

पडद्यावरची रेघ उठत होती, पडत होती, पुन्हा उठत होती. तिला जरा धीर आला. तिनं अनुपमसमोर चहाचा कप सरकवला. गणपत आता मोकळा सुटला होता. पोरगी सासरी गेली, जावई बरा आहे, चौकीच्या छपरावरचा पत्रा उडाला तो त्यानं स्वतःच ठोकला, सारं सांगत सुटला. विनता मध्येमध्ये "अच्छा", "मग?" म्हणत राहिली. माणूस किती गोड बोलतो, असं तिला वाटत होतं.

"अन् घरी कोण असतं आता? बाई एकट्याच?" तिनं बोलणं वाढावं म्हणून विचारलं.

"घरी कोणी नाही जी."

"म्हणजे?"

"घरची गेली न. दिवाळीनंतर."

विनताचा अंगठा बटणावरून सुटला. तिनं तो परत दाबला.

"तुम्ही सांगितलं नाही, गणपतराव."

"सांगणार होतो जी. त्याच्या आधी एकदा म्हटलं होतं न तुम्हाले, मॅडम, एक विचारायचं हाय. तिचं पोट दुखून राहिलं होतं. नेपियर टाउनात कोणता डॉक्टर चांगला, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही जबलपूरच्या, तुम्हाले मालूम राहते. तुम्ही म्हटलं, चॅनेल मोकळा ठेवा." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. अस्वलाचं सांगितलं तसंच तो हेही सांगत होता. "बरोबरच होतं जी. नियम हाय. मग मंडल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, उशीर झाला."

"अन् मग? गेल्या तेव्हा तरी सांगायचं होतं."

"सकाळी तुमची हाक आली. तुम्ही पाणी विचारलं. पाणी जागेवर होतं, मॅडम."

नेपियर टाउनातल्या दवाखान्यांच्या पाट्या तिच्या डोळ्यांसमोरून सरकत गेल्या. त्यातल्या एका पोटाच्या डॉक्टरांकडे तिनं स्वतःच्या सासऱ्यांना नेलं होतं, आणि ते बरे होऊन आज घरात वर्तमानपत्र वाचत बसले होते. नाव सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य.

अनुपमनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला होता. त्याचे डोळे ओले होते.

"मॅडम, सॉरी. पण हे पर्सनल आहे. सरकारी वापरात मी हे धरू नाही शकत."

"म्हणजे गप्प राहिलं तर वापर नाही, अन् बोललं तरी वापर नाही."

"कामाचं बोलणं पाहिजे. पाण्याचं."

"पाणी आषाढात येते, अनुपमजी."

"तपासणी आज आहे ना, मॅडम." हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की विनताला त्याचाही राग धरता येईना. हा नसता तर दुसरा कुणी आला असता आणि तोही हेच म्हणाला असता.

तो लॅपटॉपवर काहीतरी टाइप करू लागला. त्याचं ते काम फारच लवकर आटोपलं. बाहेर आवारात कुणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"मॅडम?" स्पीकरमधून गणपत म्हणाला. "झालं काय तुमचं काम? अजून बोलू?"

विनतानं बटण दाबलं. झालं, असं तिला सांगता येईना. नाही झालं, हेही सांगता येईना. इतकी वर्षं रोज सकाळी या माणसाशी ती बोलली होती, आणि घरची म्हणजे कोण हेसुद्धा तिनं कधी विचारलं नव्हतं.

"गणपतराव," ती म्हणाली, "त्यांचं नाव काय होतं?"

अनुपमच्या पडद्यावरची रेघ आडवी पडून राहिली.

"राधाबाई," गणपत म्हणाला. मग सवयीनं, कुणी तोडायच्या आधीच, म्हणाला, "चॅनेल मोकळा करतो, मॅडम."

अनुपम उठला आणि आपल्या तपासणीसाठी खिडकीतून आत घेतलेली एरियलची वायर गुंडाळू लागला.