मागच्या चाकाची रेघ

तुकईथडच्या भाईदासनं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, ते एक वळण रुंद करून घेण्यापायी. दिल्लीला केळी नेणारे मोठे ट्रक तिथं अडतात, म्हणून गावात येत नाहीत. केळी छोट्या गाडीत चढवा, हमरस्त्यावर उतरवा, पुन्हा चढवा, आणि मार खाऊन काळी पडली की व्यापारी नाक मुरडायला मोकळा! पण हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण जीवन. दोन वर्षांपूर्वी गावात शेवटचा मोठा ट्रक आला, तेव्हा भाईदासचा हा एकुलता एक पोरगा वळणावर उभा राहून ड्रायव्हरला "आने दो, आने दो" सांगत होता. त्याच ट्रकखाली तो सापडला. दुसऱ्या कुणाच्या पोराला तिथं उभं राहावं लागू नये, एवढंच भाईदासच्या मनात होतं.

अखेर बुऱ्हाणपूरहून तेजस्विनी नावाची तरुण इंजिनीअर पाहणीला आली. मालाची मोठी गाडी कुठवर जाते, कुठं अडते, हे तिला ठरवायचं होतं. भाईदास टेपचं टोक धरून तिच्या मागं मागं हिंडला. वळणावर तिनं आकडेमोड केली आणि चुन्यानं रेघ आखली. रेघ जीवनच्या ओट्यावरून गेली.

ओटा कसला, चार विटा नि सिमेंट. जीवन पडला तिथंच त्याच्या आईनं, सरुबाईनं, बांधून घेतलेला.

"मॅडम, जरा बाजूनं नाही का घेता येनार?"

"काका, दुसऱ्या साइडला नाला आहे. ओटा राहिला तर रस्ता जड वाहनांसाठी अयोग्य, असंच लिहावं लागेल मला."

तेवढ्यात सरुबाई दिवा लावायला आली.

"पोरी, हे पांढरं काय आखलं?"

"मावशी, ट्रक वळताना मागचं चाक पुढच्याच्या वाटेनं जात नाही, आतून कापत जातं. इथून जाईल."

सरुबाई रेघेकडे बघत राहिली. "व्हय. इथूनच गेलं व्हतं."

तेजस्विनीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं ओट्यावरचं नाव वाचलं आणि मान खाली घातली.

सरुबाईनं पदरानं ओटा पुसला. "काढून टाका," ती नवऱ्याला म्हणाली. "कोनाचं पोरगं वाचत असंल, त काढून टाका."

भाईदास बायकोसमोर कधी रडला नव्हता, तो तिथंच मातीत बसून रडला. तिनं त्याला रडू दिलं.

"पन त्याला भेटायला मी कुठं येऊ," ती म्हणाली, "तेवढं सांगा."