पुसलेले घर

मुलीने दोन बोटांनी चित्र मोठे केले आणि फोन वडिलांच्या ताटाशेजारी, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा ठेवला.

"बघा."

वडिलांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. आधी त्यांना काहीच उलगडेना. एक रस्ता होता, एक लोखंडी फाटक, फाटकाला टेकलेली सायकल. मग सायकल ओळखीची वाटली. घंटी नसलेली, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. ती त्यांचीच होती.

"हे आपलं घर?"

"ती गाडी आली होती बघा, डोक्यावर कॅमेरा घेऊन. तुम्हीच सांगितलंत मला, नकाशासाठी रस्त्यांचे फोटो काढतायत म्हणून."

खरे होते. सगळी नोकरी त्यांनी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात घालवली होती. ती गाडी गल्लीत शिरली तेव्हा भाजीची पिशवी खाली ठेवून ते तिच्याकडे बघत राहिले होते, म्हातारा पहिलवान नव्या पोरांची कुस्ती बघतो तसे. वर कोण उभे आहे, तिथे त्यांचे लक्षही गेले नव्हते.

वर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, एक बाई उभी होती. चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट ठिपका.

"चेहरा पुसलाय की त्यांनी," वडील म्हणाले. त्यांना जरा हायसे वाटले. "कोण ओळखणार?"

"दोरी नाही पुसली."

दोरीवर वडिलांचेच सदरे वाळत होते. सगळे उलटे. खालच्या काठाला चिमटे, आणि बाह्या उचलून त्याच चिमट्यांत अडकवलेल्या. कुणाला तरी हात बांधून उलटे टांगावे तसे. मुलगी इथे राहायला आल्यापासून कपडे असेच वाळत होते. एकेकाची एकेक पद्धत, असे म्हणून त्यांनी कधी कारण विचारले नव्हते.

"खांद्यावर चिमट्याची खूण दिसली की त्याला चालायचं नाही," ती म्हणाली. "पहिल्यांदा दिसली तेव्हा..."

तिने डाव्या कानावरचे केस नीट केले. त्या कानाने तिला ऐकू येत नसे.

वडिलांनी घास ताटात परत ठेवला.

"आज एकदम हे का बघत बसलीस?"

"माझ्या नणंदेचा फोन होता. लपून करते बिचारी. म्हणाली, 'वहिनी, दादाला तुमचं शहर कळलंय. घर नाही कळलं. पण जेवण झालं की फोन घेऊन बसतो आणि बोटानं रस्ते फिरतो. एकेक गल्ली.'"

"एवढ्या मोठ्या शहरात? वर्ष लागेल त्याला."

"त्याला घाई नसते, बाबा."

*

घरमालक खाली राहत. त्यांना सगळे वकीलकाका म्हणत. ते वकील नव्हते, आयुष्यभर औषधाच्या दुकानात बसले होते. पण कुणी नुसते "आज उकडतंय" म्हटले तरी ते दुसरी बाजू मांडायला घेत. वडील त्यांच्या दारात चपलेचा अंगठा चाळवत उभे राहिले आणि कसेबसे बोलले.

"माझं घर पुसायचं?" वकीलकाकांनी पेपर खाली केला. "भाडं देता म्हणून?"

"खरं नव्हे हो. फोनमधलं."

"आजकाल तेच खरं असतं, नकाशेवाले. मला मागची खोली द्यायचीय भाड्यानं. लोक आधी फोनवर घर बघतात, मग पाय उचलतात. घराच्या जागी धुरळा बघून कोण येणार? भुतं?"

वडिलांनी घरून जुळवून आणलेली वाक्ये जिन्यातच कुठेतरी सांडली होती.

"मुलीसाठी," एवढेच ते म्हणाले.

वकीलकाकांनी छताकडे पाहिले. वर भांड्यांचा आवाज येत होता.

"जावई?"

वडिलांनी मान डोलावली.

"मग आधी बोलायचं ना, भल्या माणसा! मूग गिळून उभे काय राहता? पुसा. खालपासून वरपर्यंत पुसा. माझी कुंडीसुद्धा ठेवू नका."

त्या चित्राखालीच तक्रार कळवायची सोय होती. मुलीने घराभोवती चौकट आखली. गॅलरी, फाटक, सायकल, सगळे तिच्या आत आले. खाली बारीक अक्षरांत इशारा होता, की एकदा पुसलेले पुन्हा कधीच मूळ रूपात आणता येणार नाही. तिने तो वडिलांना वाचून दाखवला.

"आणायचंय कुणाला," ते म्हणाले. तिने बटण दाबले.

काही दिवस काहीच झाले नाही. तेवढ्या काळात कपडे घरातच, खुर्च्यांच्या पाठीवर वाळले आणि त्यांना कुबट वास येऊ लागला. "सरळ टांगून बघ ना, खांद्यांना चिमटे लावून," वडील एकदा भीत भीत म्हणाले. तिने सदरा खांद्यांना धरला, दोरीपर्यंत नेला, आणि तिच्या हातांनी तो आपोआप उलटा केला. ती स्वतःच त्या हातांकडे बघत राहिली.

मग एका सकाळी घर गेले. रस्ता होता, दोन्ही बाजूंची घरे होती, आणि त्यांच्या जागी खालपासून वरपर्यंत राखाडी वाफ. मुलगी हसली. त्या दुपारी ती जेवून लवंडली ती संध्याकाळपर्यंत झोपली. वडिलांनी तिच्या अंगावर चादर घातली. रेडिओ आधीच बंद होता, तरी त्याचे बटण पुन्हा एकदा पिळून पाहिले.

ती झोपली असतानाच त्यांनी तिचा फोन घेतला. आपले काम पुन्हा तपासायची जुनी खोड. त्यांनी गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. बोटाने पुढे सरकत गेले. पिठाची गिरणी. एक घर. बंद पडलेले सायकलचे दुकान. एक घर, आणखी एक घर. कशावरच नजर ठरत नव्हती. सगळी घरे एकमेकांत मिसळून जात होती. आणि मग बोट आपणहून थांबले.

ते कितीतरी वेळ त्या राखाडी डागाकडे बघत राहिले.

कचेरीत चुकलेली रेघ पुसायची म्हणजे पारदर्शक कागदावरची शाई ब्लेडच्या पात्याने खरवडायची. त्यांचा हात हलका होता, कागदाला कधी भोक पडले नाही. पण मोठे साहेब कागद काचेवर ठेवून खालून दिवा लावत, आणि शंभर बरोबर रेघा सोडून त्यांचे बोट नेमके खरवडलेल्या जागेवर टेके. "इथे काय होतं?" ते विचारत.

हे आपल्याला आधी का सुचले नाही? की सुचले होते, आणि आपण नेहमीसारखे स्वतःलाच गप्प केले? कदाचित आपण उगाच घाबरत असू. पुसलेली घरे आणखीही असतील शहरात. त्यांनी शेजारच्या दोन गल्ल्या बोटाने फिरून पाहिल्या. पुसलेले एकही घर दिसले नाही. चौकटीचे बटण अजून तिथेच होते, पण आता पुसायला काही उरले नव्हते आणि परत आणायची सोय नव्हती.

मुलगी कूस बदलून झोपली होती. उजवा कान उशीत, डावा वर. म्हणजे आता कितीही आवाज झाला तरी तिला कळणार नव्हता. आल्यापासून ती अशी कधी झोपली नव्हती; ऐकू येणारा कान नेहमी दाराच्या बाजूला ठेवी.

त्यांनी फोन होता तसा ठेवला. उद्या सांगू, असे ठरवले. दुसऱ्या दिवशी ती चहा गाळताना काहीतरी गुणगुणत होती. तिसऱ्या दिवशी तिने समोरच्या मुलीला शिवण शिकवायचे कबूल केले. सांगायचे राहत गेले.

*

त्या सकाळी दूध घेऊन येताना त्यांनी वर पाहिले आणि ते फाटकाशीच थबकले. गॅलरीत कपडे वाळत होते. सदरे सरळ होते, खांद्यांना चिमटे लावलेले, बाह्या मोकळ्या. वाऱ्याने एक बाही हलली, बोलावल्यासारखी. मुलगी बादलीवर वाकून पुढचा कपडा पिळत होती.

"नकाशेवाले!" वकीलकाका पायरीवर बसले होते, खुशीत. "तुमच्यामुळे माझी खोली अडणार म्हणत होतो ना? मागं घेतो शब्द. काल संध्याकाळी गिऱ्हाईक आलं होतं."

"कोण?"

"सभ्य माणूस. आवाज चढवत नाही, मधे बोलत नाही. माझं सगळं ऐकून घेतलं, आता बोला! माझी बायको नाही ऐकत. म्हणाला, फोनवर बघून आलो. मी म्हटलं, अहो फोनवर तर माझं घर दिसतच नाही! तर नुसता हसला."

वडिलांच्या हातातली दुधाची पिशवी थंड होती. त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

"वर कोण राहतं विचारलं त्यानं," वकीलकाका आवाज खाली आणून म्हणाले. "मी काय दूधखुळा आहे? म्हटलं, एक म्हातारे गृहस्थ, एकटेच. पोरीचा उल्लेखसुद्धा नाही. कुणी का असेना, आपण सावध असलेलं बरं."

"मग?"

"मग काय. तिथं उभा राहून वर बघत होता थोडा वेळ. तुमची दोरी रिकामी होती, नुसते चिमटे होते. आज दुपारी खोली बघायला येतो म्हणाला. माणूस टापटिपीचा आहे हं. एवढा प्रवास करून आलेला, पण शर्ट बघाल तर खांद्यावर एक खूण नाही."

वडील जिना चढले. दूध ओट्यावर ठेवले. गॅलरीत गेले.

"बाबा, चिमटे कमी पडतायत," मुलगी म्हणाली. "सरळ टांगलं की जास्त लागतात, नाही?" ती हसत होती.

त्यांनी दोरीवरचा पहिला सदरा काढला. मग दुसरा.

"अहो, ओले आहेत ते. आत्ता तर घातलेत."

"असू दे."

पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत होते. वाक्ये पुन्हा कुठेतरी सांडली होती. हातातल्या सदऱ्याच्या खांद्यावर चिमट्याचा ठसा उमटला होता, दोन बारीक दातांचा. ते तो अंगठ्याने दाबू लागले. दाबून सपाट करू लागले, घासू लागले, पुन्हा पुन्हा, कागदावरची रेघ जावी तसे.

मुलीचे हसू हळूहळू गेले. ती त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. मग तिने मान वळवून उजवा कान जिन्याच्या बाजूला केला आणि थोडा वेळ ऐकत उभी राहिली. खाली वकीलकाका कुणाला तरी दुसरी बाजू समजावत होते.

तिने वडिलांच्या हातातून सदरा काढून घेतला.

"राहू द्या ती खूण," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने कॉटखालची बॅग ओढली.